सरिताने मांडलेला बाजार

सरिता ताकसांडे पुण्याची नोकरी सोडून वर्ध्याला परत आली, तेव्हा बोरगाव मेघेतल्या शेजारणींनी तिच्या आईला विचारलं, "इतकी वर्षं तिकडं करत काय होती व तुही पोरगी?" पंचफुलाबाईंनी जरा विचार करून सांगितलं, "कोन कोनाले भेटन, ते कम्प्युटरवर ठरवते." शेजारणींना वाटलं, लग्नं जुळवते. दोघींनी आपापल्या भाच्यांची नावंसुद्धा सुचवली.

पंचफुलाबाईंचं उत्तर तसं चुकीचं नव्हतं. घरपोच किराणा देणाऱ्या एका कंपनीत सरिता सहा वर्षं होती. कुठली ऑर्डर कुठल्या गाडीवाल्याकडे जाईल, कुणाचा फोन आधी वाजेल, त्याने नाही म्हटलं तर पुढे काय, याचे नियम लिहिणाऱ्या चार जणांतली ती एक. हे काम तिला मनापासून आवडायचं. एखादा नियम केसभर हलवला की दुसऱ्या दिवशी हजारो माणसं वेगळी वागायला लागतात आणि त्यांतल्या एकालाही कुणी काही सांगितलेलं नसतं, याचं तिला नवल वाटे. त्यात भिण्यासारखं काही आहे, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिचे वडील प्रेमदास रोजगार हमीच्या कामांवर हजेरी घेत. मस्टर काखेत मारून रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. मूळ घर वडनेरचं. तिथे आता त्यांचा धाकटा भाऊ रूपराव चार एकर वावर करतो. परत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सरिता काकांकडे गेली, तर काका दोन दिवस मोटरसायकलवर फवारणारा माणूस शोधत फिरत होते. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, तुडतुडे पडले होते.

"रोग सगळ्याईच्या वावरात एकाच टायमाले येते," काका वैतागून म्हणाले, "अन फवारनारे गावात तीन. कोनाकोनाले पुरतीन?"

त्याच दिवशी परतताना एसटी सहा किलोमीटरवरच्या एका गावच्या थांब्यावर थांबली. खिडकीतून सरिताला पाच-सहा जण दिसले. शेजारी पंप ठेवून, बिड्या ओढत, कुणी कामाला बोलावतं का याची वाट पाहत बसलेले. इकडे माणूस मिळत नाही आणि तिकडे माणसाला काम नाही. घरी पोचेपर्यंत तिने वहीची चार पानं भरली.

सुमीत हा तिचा कॉलेजातला मित्र. त्याच्या वडिलांचं हिंगणघाटला कृषी केंद्र होतं, त्यामुळे तालुक्यातले अर्धे शेतकरी त्याला नावाने ओळखायचे. शेतकरी सुमीतने आणायचे, नियम सरिताने लिहायचे, असं ठरलं. ॲपचं नाव ठेवलं 'कामधुरा'; धुरा म्हणजे वावराचा बांध. शेतकऱ्याने किती एकर, कुठे, कधी ते टाकायचं; फवारणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजायची; त्याने घेतलं की गाव आणि रस्ता दिसायचा. काम झाल्यावर दोघांनी एकमेकांना तारे द्यायचे. हे तारे दोन्ही बाजूंनी असावेत, हा सरिताचा हट्ट. त्याचा परिणाम असा झाला की वावरात पिण्याचं पाणी मिळू लागलं, काही घरी तर ताकही. फवारणाऱ्यालाही आपल्याविषयी मत आहे, हे गावांना नवीन होतं.

पहिलं वर्ष काम पाळीने दिलं जाई. आज याचा नंबर, उद्या त्याचा. ते वर्ष चांगलं गेलं. तरी सुमीतच्या दुकानात तक्रारी यायच्याच.

"अगं, लोक म्हणतात माणूस येतो पण दिवसभर रेंगाळतो," दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर सुमीत म्हणाला. "चपळ माणूस आणि ढिला माणूस, दोघांना सारखंच काम? हा बाजार आहे की रेशनचं दुकान?"

सरिताला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते आधीपासूनच सुचलेलं होतं. तिने नवा नियम लिहिला. जो लवकर आटोपतो, ज्याला तारे जास्त, जो घंटी वाजल्यावर दोन मिनिटांच्या आत काम घेतो आणि सहसा नाही म्हणत नाही, त्याचं नाव यादीत वर. वरच्याचा फोन आधी वाजणार. काम वेळेच्या मागे पडलं तर दर दहा मिनिटांनी फोनवर आठवण जाणार, आणि फारच मागे पडलं तर उरलेलं काम आपोआप जवळच्या दुसऱ्या माणसाकडे. नियम देखणा होता. कुणाची ओळख लागत नव्हती, कुणाचं आडनाव पाहिलं जात नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त अभिमान होता.

तिने तो वडिलांना दाखवला. प्रेमदासांनी चष्मा लावून यादी वरून खाली, मग खालून वर पाहिली.

"अन हे खालचे?"

"ते सुधारतील ना बाबा. वर यायचा प्रयत्न करतील."

"सगळेच वर येतीन काय व?" प्रेमदास म्हणाले. "आमच्या कामावर एखाद्याचं आंग दुखत असलं का मी त्याले माती फेकाले नाई, पानी पाजाले लावत जाओ. मस्टरमंधी त्याची हजेरी सारखीच लागे. तुह्या यादीले हे कसं समजन, कोनाचं आंग दुखून राह्यलं ते?"

"त्यासाठी रजेचं बटण आहे."

"दाबलं तर?"

रजेचं बटण दाबलं की नाव खाली जात होतं. नाहीतर कुणीही केव्हाही रजा घेईल आणि शेतकऱ्याचा भरवसा उडेल, असं त्यामागचं गणित होतं.

कामं तिप्पट झाली. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर, सेलू, चारही तालुक्यांत नकाशावर हिरवे ठिपके उमटू लागले. एक एकर फवारायला पहिल्या वर्षी सरासरी तासाच्या आसपास लागायचा. दुसऱ्या हंगामात तो पाऊण तास झाला, तिसऱ्यात त्याच्याही बराच खाली आला. नागपूरला नवउद्योजकांच्या एका मेळाव्यात सरिताने ती उतरती रेघ पडद्यावर दाखवली आणि नियम कसा चालतो ते पायरीपायरीने समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतल्या काहींनी फोनवर फोटो काढले.

ती रेघ खाली जाते म्हणजे वावरात नेमकं काय होतं, हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या हंगामात ऑगस्ट फार विचित्र निघाला. पावसाने ताण दिला, दमट ऊन पडलं आणि पऱ्हाटी माणसाच्या छातीपर्यंत वाढली. किडीने सगळीकडे एकदमच उचल खाल्ली. त्या दिवसांत सरिता काकांकडे वडनेरला गेली होती. चहाच्या टपरीवर रूपरावांनी एका माणसाकडे बोट दाखवलं. "तो पाय, श्रावण. तुह्या यादीतला पयला."

श्रावण तिशीचा, अंगाने काटक. सरिता कोण हे कळल्यावर तो उठून उभाच राहिला. खिशातून फोन काढून त्याने यादी दाखवली. वडनेर मंडळात त्याचं नाव सगळ्यात वर होतं.

"बावीस दिवस झाले ताई, खाली नाई आलो," तो हसून म्हणाला.

त्याचे डोळे लाल होते. तोंडाला बांधायचा दुपट्टा मानेवर होता आणि त्याला औषधाचा उग्र वास मारत होता. कामधुराने दिलेले हातमोजे पंपाला लटकत होते, कोरे.

"हे घालत नाहीस?"

"ते घातलं का हात चालत नाई. टाइम जाते. दुपारी लय गरम होते त्याच्यात."

"दुपारी पण मारतोस?"

"घंटी वाजली का दोन मिनटात घ्या लागते ना ताई. ते दुपार-सकाळ कुठी पाह्यते?"

तेवढ्यात फोन वाजला. श्रावणने पडद्यावर बोट टेकवलं, ते बटणाच्या बाजूला पडलं. दुसऱ्यांदाही हुकलं. तिसऱ्यांदा लागलं. अर्धा चहा तसाच ठेवून तो पंप पाठीला मारून निघून गेला. सरिताने ते पाहिलं होतं. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली, की आपण ते पाहिलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी तिच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता.

"तुमीच काय व त्या कामधुराच्या बाई? रूपरावभाऊनं नंबर देला. मी देवकाबाई, श्रावनची माय."

"बोला मावशी."

"माह्या पोराचा मोबाइल दोन दिवस वाजू नोका देऊ."

सरिताला आधी कळेचना. कामं मिळत नाहीत म्हणून रोज पन्नास फोन येत. कामं देऊ नका म्हणणारा हा पहिलाच.

"त्याले जेवन जाऊन नाई राह्यलं," देवकाबाई सांगत होत्या. "सकाई उलटी झाली. अंधारी येते म्हनते. मी म्हनलं घरी राय, तर म्हनते नाव खाली जाईन. मंग मोबाइल लपवला म्या, तर माह्यावरच चिडला. तुमच्या हातात असन तर तुमीच बंद करा ना माय. त्याले सांगू नोका मी फोन केलता म्हून."

"मी बघते मावशी," सरिता म्हणाली. "नक्की बघते."

तिच्या हातात होतं. एका ओळीचा बदल, अर्ध्या मिनिटाचं काम. पण बाजार चालवणाऱ्याने एकाच माणसासाठी हाताने नियम वाकवला की बाजारावरचा भरवसा संपतो, हे तिने पुण्यात सहा वर्षं ऐकलं होतं आणि स्वतःही इतरांना शिकवलं होतं. तिने सुमीतला फोन लावला. तो बायकोमुलांना घेऊन केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेला होता.

"एकासाठी केलंस तर उद्या शंभर जण फोन करतील," तो म्हणाला. मागे घंटांचा आवाज येत होता. "सोमवारी बसू. आजारपणाची रजा म्हणून नीट नियमच करू, म्हणजे सगळ्यांना मिळेल."

हे बोलणं शहाणपणाचं होतं. सरिताने वहीत लिहिलं: सोमवार, आजारी रजा, नाव खाली जाऊ नये. आणि वही मिटली.

रविवारी जेवणं आटोपल्यावर ती सवयीने लॅपटॉप उघडून बसली. नकाशावर वडनेरच्या पश्चिमेला श्रावणचा ठिपका होता. काम सुरू केल्याची वेळ पावणेबारा. तीन एकर. आता अडीच वाजून गेले होते. ठिपका विहिरीकडच्या धुऱ्यापासून आत गेलेला, पऱ्हाटीच्या एका ओळीत थांबलेला. कुणी पाणी प्यायला थांबला तरी ठिपका थोडा हलतो. हा हलत नव्हता.

तिने नोंदी उघडल्या. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. 'आपले काम वेळेच्या मागे आहे.' दहा मिनिटांनी पुन्हा. पुन्हा दहा मिनिटांनी. 'उशीर झाल्यास आपला क्रमांक घसरू शकतो.' पाच आठवणी गेल्या होत्या. हे वाक्य तिनेच लिहिलेलं. 'घसरेल' की 'घसरू शकतो', यावर तिने आणि सुमीतने अर्धा तास घालवला होता.

तिने फोन लावला. घंटी गेली. पुन्हा लावला. घंटी गेली. ती बघत असतानाच पडद्यावर एक नवी ओळ आली: उरलेलं काम रजतकडे दिलं गेलं. रजत शेजारच्याच शिवारात होता. त्याने अकरा सेकंदांत काम घेतलं.

सरिताने लगेच रजतला फोन केला.

"रजत, पंप लावू नकोस. आधी श्रावणला शोध."

"कोन बोलून राह्यलं?"

"मी सरिता, कामधुरातून. त्या वावरात श्रावण आहे. विहिरीकडच्या धुऱ्यापासून आत जा. हाका मार त्याला."

फोन सुरूच होता. पऱ्हाटीतून घासत जाण्याचा आवाज, रजतच्या हाका, त्याचा श्वास. मग हाका थांबल्या.

"ताई," रजत म्हणाला, "पडून हाय तो. तोंडातून लाळ गळून राह्यली. पंप पाठीलेच हाय. आंग सारं वलं हाय, औषध सांडलं काय की घाम हाय, काही समजून नाई राह्यलं."

"पंप काढ. कपडे काढ त्याचे, पण उघड्या हाताने नको, पिशवी गुंडाळ हाताला. पाण्याने धू. मी गाडी पाठवते."

रजत काहीतरी म्हणाला, पण त्याच वेळी त्याच्या फोनवर आठवणीची घंटी वाजली आणि त्याचे शब्द त्यात बुडाले. काम सुरू केलं नाही, म्हणून.

रूपरावांनी कुणाची तरी जीप काढली. आधी हिंगणघाट, तिथून वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात. श्रावण अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता, त्यातले सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर. सरिता रोज जायची. देवकाबाई बाहेरच्या बाकावर बसलेल्या असत. त्या रडल्या नाहीत, तिला शिव्याही दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सरितानेच न राहवून सांगितलं, "मावशी, मी सोमवारी करणार होते."

देवकाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मंग शनिवारी काऊन नाई केलं?" त्यांनी विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

श्रावण जगला. त्याचा उजवा हात थरथरतो आणि संध्याकाळनंतर त्याला नीट दिसत नाही. शुद्धीवर आल्यावर बोलता येऊ लागलं, तेव्हा सरिता समोर उभी होती. त्याने तिला ओळखलं आणि विचारलं, "ताई, किती खाली गेलं नाव?"

त्या आठवड्यात तिने सगळा नियम बदलला. अकरा ते चार घंटी वाजणार नाही. एका दिवशी ठरावीक पंपांच्या वर काम नाही. हातमोजे आणि तोंडावरच्या पट्टीचा फोटो टाकल्याशिवाय सुरुवात नाही. आणि पुन्हा पाळी. सुमीतने भांडण केलं नाही. तो फक्त म्हणाला, "लोक थांबणार नाहीत गं," आणि पुढचा हंगाम यायच्या आत आपला हिस्सा काढून घेऊन तो वडिलांच्या दुकानात बसू लागला.

लोक थांबले नाहीत. बाहेरच्या एका कंपनीचं ॲप जिल्ह्यात आलं. सरिताने ते आपल्या फोनवर घेऊन पाहिलं. यादी तीच, दोन मिनिटं तीच, दहा मिनिटांच्या आठवणी त्याच. शब्दसुद्धा बदलायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. तिच्या यादीतली माणसं एकेक करून तिकडे गेली. रजतही गेला. बसस्टँडवर भेटला तेव्हा त्याने मान खाली घातली.

"तू तर डोळ्यांनी पाहिलंस रे," सरिता म्हणाली.

"पाह्यलं ना ताई. अजून झोप नाई लागत." त्याने फोन हातात धरलेलाच होता. "पन तुमच्यात पाळी यायले तीन-तीन दिवस लागते."

तिने कृषी खात्यात अर्ज दिला, सगळ्या नोंदींसह. साहेबांनी ऐकून घेतलं. ॲप कुठल्या खात्याखाली येतं ते बघावं लागेल, असं ते म्हणाले. अर्ज अजून तिथेच आहे. त्यानंतर त्या कंपनीचा माणूस तिला वर्ध्याला येऊन भेटला. गोड बोलणारा, नीटनेटका. फवारणीचं चांगलं बसलंय म्हणाला; आता कापूस वेचणाऱ्या बायांसाठी असंच काढायचंय, तुमच्याइतकं हे कुणाला कळतं? तिने नाही म्हटलं. तो उठताना म्हणाला, "हरकत नाही मॅडम. तुमचं काम आमच्याकडे आहेच."

कामधुरा अजून चालू आहे. पन्नासेक माणसं, सहा गावं. सरिता उरलेला वेळ एका खासगी महाविद्यालयात शिकवते.

या दिवाळीनंतर पंचफुलाबाई वडनेरहून परतल्या आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या की वेचणीच्या बायांनी सगळ्यांनी मोबाइलवर नावं नोंदवली. टोळी मोडली. पूर्वी सगळ्या एकत्र जायच्या, म्हातारीकोतारी मागे राहिली तर बाकीच्या तिची ओळ उरकून द्यायच्या. आता जिचा फोन वाजेल ती एकटी जाते. किलोवर नंबर लागतो म्हणे.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने सरिता वडनेरला गेली. समाजमंदिराच्या ओट्यावर पंधरा-वीस बाया जमल्या. रूपरावांनी ओळख करून दिली, की हे सगळं कसं चालतं ते हिला आतून माहीत आहे, हिनंच पहिल्यांदा केलं होतं. सरिताने सगळं सांगितलं. यादी कशी बनते, घंटी का वाजते, रजेचं बटण काय करतं. श्रावणचं सांगितलं, त्याला तर त्या सगळ्या ओळखत होत्या. देवकाबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायांनी मन लावून ऐकलं.

तिचं बोलणं संपल्यावर पुढे बसलेल्या एका तरुण बाईने पदर सारखा केला, ओच्यातला फोन काढून तिच्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, "ताई, मी चौदाव्या नंबरवर हाय. वर कसं यायचं, तेवढं सांगा ना."

आजूबाजूच्या बायाही फोन काढून पुढे सरकल्या.